तोलासाठी तीन

गंगावेशीतल्या बंद पडलेल्या चित्रशाळेत
रविवारी सकाळी आम्हाला एकत्र बसवलं.
इकडं रंगवाले, तिकडं पाणथळवाले,
मधे सतरंजीची रिकामी पट्टी,
वरपक्ष-वधूपक्षात असते तेवढी.
चहा झाला. परत चहा झाला.
शाडूच्या मूर्ती करणारा धोंडीराम कुंभार
नदीबद्दल बोलला, बोलता बोलता
स्वतःच्या नखांतली माती बघत राहिला.

मग मगदूम बाई उठल्या.
पहाटे कळंबा तलावावर जाऊन आलेल्या,
गमबुटांना अजून चिखल.
म्हणाल्या, मला भाषण येत नाही.
माझ्याकडं वह्या आहेत, अठ्ठ्याण्णवपासूनच्या.
त्याआधीचं पाणी मला माहीत नाही.
तुमच्यात कुणी बघितलंय?

बघितलंय म्हणजे काय!
आमचे मास्तर दर शनिवारी
सायकलवर तिकडंच पिटाळायचे,
काहीतरी करून आणा म्हणायचे, नाहीतर येऊ नका.
मी आणलंच होतं, जुन्या धोतरात गुंडाळून.
'कळंबा, माघ, त्र्याऐंशी.'
जलरंग. खालच्या कोपऱ्यात वाळवीची सही.

लोक चित्रापासून आधी लांब जातात,
डोळे बारीक करतात, 'वा' म्हणतात.
बाई गुडघ्यांवर बसल्या,
नाक कागदाला लागेल एवढ्या जवळ,
आणि बोट न टेकवता मोजू लागल्या.
नऊ... दहा... बारा...
"चौदा चमचे," म्हणाल्या. आवाज हलला होता.
मला वाटलं, चहाचे.

पक्षी. पाण्यात उभे, टोकाला चपट्या चोचीचे.
चोच तेवढी मी काळ्यानं ओढलेली, दिसली तशी.
बाकी अंग म्हणजे रंग न लावलेला कागद.
बेचाळीस वर्षं मी त्यांना
'सोडलेलं पांढरं' म्हणत आलो.

वही उघडली. नवं पान.
पेन्सिल टेकणार, तेवढ्यात मला घाम फुटला.
"थांबा. उजवीकडचे तीन माझे आहेत."
"माझे म्हणजे?"
"म्हणजे तिथं नव्हते.
डाव्या अंगाला बांधाची भिंत, जड झालेली.
चित्र कलंडत होतं.
तोलासाठी तीन ठेवले."

धोंडीराम मोठ्यानं हसला. बाकीचेही.
बाई नाही हसल्या.
"उजवीकडं पाच आहेत. त्यातले कुठले तीन?"

मी चष्मा काढला, पुसला, लावला.
पाचही सारखेच उभे.
ज्या हातानं खरे सोडले
त्याच हातानं खोटे, त्याच दुपारी,
त्याच डब्यातल्या पाण्यानं.
"नाही सांगता येत," मी म्हणालो.
एवढं खरं मी कुठल्या परीक्षकापुढंही
बोललो नसेन.

बाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, भिंतीपाशी पाणी खोल असतं.
चमचे उथळात चरतात.
तुम्ही ठेवले तिथंच ते ठेवायला हवे होते.
पण म्हणून मोजता येणार नाहीत.
आणि लिहिलं:
'अकरा. अधिक तीन, चित्रकाराचे.'
खोडलं काहीच नाही.

मग त्यांनी त्यांचा कागद पसरला.
एक रेघ, उतरत उतरत
यंदाच्या सालापाशी जमिनीला टेकलेली.
"ही सगळ्यांना दाखवते. बघतात, जेवायला जातात.
काय करू हिचं?"

मला आलेख कळत नाही. कागद कळतो.
म्हटलं, रेघ राहू दे.
तलाव काढू, भिंतीएवढा, पाणी पूर्ण रंगवू,
केंदाळासकट, त्याचा तो घाण हिरवा
मी बरोबर कालवतो.
फक्त ते उभे होते तिथं कागद सोडू.
चोच नाही काढायची.
नुसत्या जागा.

"किती?" बाईंनी विचारलं. "चौदा की अकरा?"

दुपारी कागदात भेळ घेऊन
दोघं पायरीवर बसलो होतो.
मी चौदावर अडलेलो,
त्या अकरावर,
आणि पट्टीच्या दोन्हीकडची माणसं
हळूहळू मधे येऊन
कुणी माझ्या बाजूनं, कुणी त्यांच्या,
तावातावानं भांडत होती.